ट्रकची अॅल्युमिनियमची डिस्क: दुरुस्त करायची की भंगारात घालायची?

इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात किंवा देवास नाक्यावर नव्या ट्रकमालकाला एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं: "चल जाएगा, भिया." टायरवाला म्हणतो, वेल्डिंगवाला म्हणतो, आपला ड्रायव्हरही म्हणतो. लोखंडी रिम ठोकून, वेल्ड मारून चालवायची सवय दोन पिढ्यांची आहे, त्यामुळे कोणाला यात वावगं वाटत नाही. (तशी ती लोखंडालाही योग्य नव्हती, पण तो वेगळा विषय.) अॅल्युमिनियमच्या डिस्कला (म्हणजे टायर चढतो त्या रिमला) मात्र ही सवय अजिबात लागू पडत नाही. नुकताच ट्रक, ट्रेलर किंवा टँकर घेतला असेल आणि त्याला चकचकीत अॅल्युमिनियमची चाकं असतील, तर कुणाच्या हातात डिस्क देण्याआधी हे वाचून घ्या.

हे धातू कशा स्वभावाचे, ते आधी

मोठ्या गाड्यांच्या बहुतेक अॅल्युमिनियम डिस्क फोर्ज केलेल्या असतात. अॅल्युमिनियमचा ठोकळा हजारो टनांच्या प्रेसखाली दाबून एका तुकड्यात डिस्क घडवतात. मिश्रधातू बहुधा ६०६१ जातीचा. घडवल्यावर ती तापवून पाण्यात विझवतात आणि मग साधारण १६० ते १८० अंशांवर कित्येक तास ठेवतात. डिस्कची खरी ताकद या शेवटच्या तापवण्यातून येते. असा तयार झालेला ६०६१ सुमारे २७५ मेगापास्कल ताण सोसतो. तोच धातू पूर्ण नरम पडला तर ५५ च्या आसपास येतो. दिसायला दोन्ही सारखेच.

आता यावर आर्गन वेल्डिंग केलं की काय होतं? टाका दिसायला सुरेख येतो, पण टाक्याच्या आजूबाजूचा पट्टा नरम पडून त्याची ताकद निम्म्यावर किंवा त्याहून खाली जाते. ही ताकद परत आणायची तर अख्खी डिस्क कारखान्याच्या भट्टीत घालून पुन्हा तीच प्रक्रिया करावी लागेल, आणि तसं केलं तर तिचा गोलाई-सपाटपणाचा हिशेब बिघडेल. म्हणून डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांची सूचना एकच आहे: वेल्ड नाही, तापवून सरळ करणं नाही, हातोड्याने किंवा प्रेसने वाक काढणं नाही.

कारच्या अलॉय व्हीलची दुरुस्ती करणारी दुकानं शहरात आहेत, त्यांच्याकडे मशीनही चांगली असते. तिथे ट्रकची डिस्क नेण्याचा मोह होतो. पण वजनाचा विचार करा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने धुऱ्यावरच्या वजनाची मर्यादा वाढवली, तेव्हापासून चार टायरच्या एका धुऱ्यावर ११.५ टन चालतात. म्हणजे एका चाकावर पावणेतीन टनांहून जास्त, तेही चाक खड्ड्यात आपटण्याआधीचा हिशेब. कारच्या चाकावर चारशे-पाचशे किलो. कारमध्ये निभावलेली दुरुस्ती इथे निभावेलच असं धरून चालता येत नाही.

आणखी एक गोष्ट. लोखंड ताणाच्या एका मर्यादेच्या आत वापरलं तर चाकाच्या लाखो फेऱ्यांनंतरही थकत नाही, असं ढोबळमानाने म्हणता येतं. अॅल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही. प्रत्येक फेरीचा थोडा थोडा थकवा साचत जातो. त्यामुळे एकदा तडा सुरू झाला की तो थांबत नाही, फक्त वेळ घेतो.

पायरी १: चाक उतरवताना

गाडी सपाट जागी, हँडब्रेक, चाकांना उटी (घरंगळू नये म्हणून ठोकळे). जोडीचं चाक असेल तर नट सैल करण्याआधी आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही टायरची हवा पूर्ण काढा. व्हॉल्व्हची पिन काढून आत बारीक तार घालून पाहा, कधीकधी चिखलाने व्हॉल्व्ह बंद होतो आणि हवा गेली असं वाटतं. तडा गेलेली डिस्क केवळ नटांच्या आधाराने धरलेली असू शकते. शंभर-सव्वाशे पीएसआय हवा भरलेली असताना नट सोडले तर ती माणसाच्या अंगावर फुटते. ही पायरी टायरवाले सर्रास गाळतात. तिथे तुम्ही उभे राहा आणि गाळू देऊ नका.

उतरवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा: नटांभोवती, हवा खेळण्यासाठी डिस्कला असलेल्या मोठ्या भोकांभोवती, दोन डिस्कच्या मधल्या फटीत. नटाखालून गंजाची किंवा काळपट ओघळ आलेली दिसली तर तो नट सैल चालत होता. धुतल्यावर हा पुरावा जातो, म्हणून आधी फोटो. अपघाताचा विमा दावा करायचा असेल तर सर्व्हेअर येईपर्यंत डिस्क हलवूच नका. व्यावसायिक वाहनाच्या नेहमीच्या पॉलिसीत नुसत्या टायरचं नुकसान भरून मिळत नाही, गाडीलाही त्याच वेळी इजा झालेली असावी लागते आणि तेव्हाही टायरचे निम्मेच पैसे मिळतात. त्यामुळे काय काय मोडलं याची नोंद एकत्र झालेली बरी.

पायरी २: टायर काढा, डिस्क धुवा

टायर चढलेल्या अवस्थेत डिस्क तपासली असं कुणी म्हणालं तर ती अर्धीच तपासली. आतली बाजू, टायरचा बीड (टायरची आतली जाड कड) बसतो ती जागा, मधली खोबण, हे टायर काढल्याशिवाय दिसतच नाही. टायर काढताना डिस्कवर लोखंडी हातोडा नको. रबरी किंवा प्लॅस्टिकचा चालेल.

धुण्यासाठी साधा साबण, पाणी, मऊ ब्रश. धुलाई सेंटरवर डिस्क चटकन पांढरी करणारं अॅसिड किंवा कॉस्टिकचं पाणी असतं, ते लावू देऊ नका. ते अॅल्युमिनियम खातं, आणि पुढच्या तड्याची सुरुवात अशाच खाल्लेल्या खड्ड्यातून होते. आपल्याकडे पावसाळ्यात माळव्याची काळी माती जोडीच्या दोन चाकांमध्ये अशी घट्ट बसते की ती खरवडायलाच अर्धा तास जातो. खरवडा, पण लाकडी पट्टीने.

पायरी ३: तडे शोधा

इथे घाई नको. उन्हात किंवा चांगल्या टॉर्चखाली, तिरप्या प्रकाशात, बोटाची नखं फिरवत पाहायचं. तडा कुठे आहे त्यावरून तो का गेला हेही बरंचसं कळतं, आणि हा भाग लोक विसरतात. कारण तसंच ठेवून नुसती डिस्क बदलली तर नवी डिस्कही त्याच जागी जाईल.

स्टडच्या (नट आवळतो त्या बोल्टच्या) भोकांपासून निघालेला तडा, किंवा एका भोकातून दुसऱ्याकडे जाणारा: नट सैल होते, नाहीतर एअर गनने अति आवळले होते, नाहीतर डिस्क आणि ब्रेकचा ड्रम यांच्या मध्ये घाण किंवा रंगाचा थर होता. भोक लांबट झालं असेल तर नट सैल चालला हे नक्की. हवेच्या भोकांपासून निघालेला तडा बहुधा ओव्हरलोडचा. टायरच्या बैठकीत किंवा खोबणीत गोलाईने गेलेला तडा हवेचा दाब जास्त असण्याचा किंवा जोरदार आपटण्याचा. व्हॉल्व्हच्या भोकाजवळही पाहा, तिथे गंज आणि तडा यांची गल्लत होते.

शंका असेल तर डाय पेनिट्रंटची तपासणी करा. तीन स्प्रेंचा संच येतो. पहिल्याने जागा स्वच्छ करायची, दुसऱ्याने लाल रंग मारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबून तो पुसायचा, आणि मग तिसरा पांढरा थर. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. वेल्डिंग तपासणाऱ्या वर्कशॉपमध्ये हे नेहमीचं आहे, सियागंजात औद्योगिक सामानवाल्यांकडे विचारून पाहा. चुंबकाच्या तपासणीचा सल्ला कुणी दिला तर तो माणूस बदला. अॅल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाही.

तडा निघाला? मग बाकीच्या पायऱ्यांची गरज नाही. कितीही बारीक असो, कुठेही असो, ती डिस्क बाद. टोकाला भोक पाडून तडा "थांबवण्याची" जी युक्ती पत्र्यावर करतात, ती इथे नको.

पायरी ४: उष्णतेचा संशय

इंदूरकरांसाठी ही पायरी सर्वांत महत्त्वाची. मुंबईकडे जाणारी आपली गाडी माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरते ती धामनोदच्या अलीकडच्या गणेश घाटातून, आणि हा घाट ब्रेक फेल होण्यासाठी किती बदनाम आहे हे सांगायला नको. भरलेली गाडी ब्रेकवर उतरवली की ड्रम तीनशे अंशांच्याही पुढे जाऊ शकतो. डिस्क त्या ड्रमला चिकटून असते. कारखान्यात १६०-१८० अंशांवर जे कमावलं, ते त्याहून जास्त उष्णतेत तासभर राहिलं तर गमावायला सुरुवात होते.

अडचण अशी की लोखंड तापलं की लाल होऊन तुम्हाला सांगतं. अॅल्युमिनियम वितळायच्या बेताला आलं तरी रंग बदलत नाही. थंड झाल्यावर धुतली, पॉलिश मारली, की जळालेली डिस्क नव्यासारखी दिसते.

म्हणून आजूबाजूचे पुरावे पाहावे लागतात. टायरचा बीड जळून कडक झालाय का, बैठकीवर रबर कोळशासारखं चिकटलंय का, डिस्कवरचं कंपनीचं लेबल फुगलंय, करपलंय किंवा कुरतडल्यासारखं झालंय का, ड्रमचा रंग उडून निळसर झाक आली आहे का. काही कंपन्या उष्णता कळावी म्हणून मुद्दाम तसं लेबल लावतात, म्हणून ते कधी खरवडून काढू नका. चाकाला आग लागली असेल, बेअरिंग जळून जाम झालं असेल, किंवा ब्रेक चिकटून गाडी लांबवर घासत आली असेल, तर डिस्क कितीही चांगली दिसली तरी बाद. इथे "दिसत तर काही नाही" हा युक्तिवाद ऐकायचा नाही. सेकंडहँड बाजारात अशाच डिस्क पॉलिश होऊन येतात.

पायरी ५: काठ, बैठक, वाक

टायरची बाजू डिस्कच्या काठावर सतत घासून काठ झिजतो. टँकर आणि वळणांवर माल हलणाऱ्या गाड्यांत हे लवकर होतं. झिजलेल्या काठाला धार येते, हात कापतो आणि टायरही. यासाठी डिस्क कंपन्या छोटं मापक देतात, डीलरकडे मागा. मापकात बसत असेल तर धार कानसीने किंवा एमरी पेपरने गोल करून डिस्क वापरात ठेवता येते. मापकाबाहेर गेली तर बाद. धार काढताना धातू कमीत कमी काढायचा, ग्राइंडर घेऊन काठ "सारखा" करणाऱ्याला थांबवा.

वाक पाहायला डिस्क हबवर (धुऱ्याच्या टोकाला, चाक बसतं त्या भागावर) चढवून हळू फिरवा, बैठकीजवळ स्थिर टोक किंवा बारीक फरक मोजणारं डायल गेज धरा. अॅल्युमिनियमच्या ट्रक डिस्कला फिरताना वर-खाली वा आत-बाहेर सुमारे पाऊण मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, लोखंडीला त्याच्या दुपटीहून जास्त. डिस्क आणि टायरची मिळून लहर येत असेल तर दोष टायरचाही असू शकतो, म्हणून टायर काढूनच माप घ्या. वाक मर्यादेबाहेर असेल तर ती सरळ करायची नाही, काढून टाकायची. टायर फुटल्यावर डिस्क रस्त्यावर घासत आली असेल आणि काठ सपाट झाला असेल तर मोजायचीही गरज नाही.

हबवर बसणारी सपाट बाजू सरळपट्टी ठेवून पाहा. ड्रमच्या कडेने खोल चर पडला असेल, मधलं भोक झिजून मोठं झालं असेल, तर ती बाजू लेथवर घासून सपाट करण्याचा सल्ला मिळेल. नको. डिस्कची जाडी तिथेच सर्वांत कामाची असते.

मग दुरुस्त होतं तरी काय?

यादी छोटी आहे. वरवरचे ओरखडे, फुटपाथला घासल्याच्या खुणा: बारीक एमरी पेपर आणि पॉलिश. पण कंपनीचं खास आवरण असलेल्या डिस्कला पॉलिश मारलं तर आवरणच जातं, आधी विचारा. बैठकीवरचा पांढुरका गंज: हलक्या हाताने ब्रश, मग पेट्रोलियम नसलेलं टायर लुब्रिकंट. गळका व्हॉल्व्ह: नवा व्हॉल्व्ह, रबरी रिंगसकट, भोकाची बैठक साफ करून. खराब नट, स्टड: नवे. काठाची धार: वर सांगितलं तसं. झालं. उरलेल्या सगळ्याला, म्हणजे तडा, वाक, जळणं, लांबट भोक, खोल चर, याला दुरुस्ती नाही.

ट्यूब टाकून चालवायची युक्ती

हा विषय मी वेगळा काढतोय कारण ही युक्ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक आहे. ट्यूबलेस टायरमधून हवा हळूहळू जाते, पंक्चर सापडत नाही, बैठक साफ करूनही फरक पडत नाही. मग कुणीतरी म्हणतो, आत ट्यूब टाक, विषय संपला. हवा थांबते, सगळे खूश.

पण अॅल्युमिनियमच्या डिस्कला तडा जातो तेव्हा पहिली खूण बहुधा हीच असते: हवा हळूहळू कमी होणं. ट्यूब टाकल्यावर तडा तिथेच राहतो, वाढतो, फक्त तुम्हाला कळायचं बंद होतं. डिस्क कंपन्या एका तुकड्याच्या डिस्कमध्ये ट्यूब टाकायला मनाई करतात ती यासाठी. रोज सकाळी एकाच चाकाची हवा पाच-सात पीएसआय कमी दिसत असेल तर डिस्क उतरवून साबणाचं पाणी लावा आणि फेस कुठे येतो ते पाहा. फेस धातूतून आला तर निर्णय झाला.

नवी, जुनी की लोखंडी?

बाद झालेल्या डिस्कच्या जागी काय घ्यायचं? २२.५ इंच बाय ८.२५ मापाची फोर्ज्ड अॅल्युमिनियम डिस्क साधारण २० ते २५ किलोची असते, लोखंडी ३५ च्या आसपास किंवा जास्त. दहा चाकांवर सव्वा ते दीड क्विंटल वाचतं. टँकरसारख्या, वजनाच्या काठावर चालणाऱ्या धंद्यात तेवढा माल जास्त जातो, तिथे नवी अॅल्युमिनियम घ्या. गाडी मुळातच कमी भरत असेल, किंवा खाणीच्या, कच्च्या रस्त्यावर चालत असेल, तर लोखंडी डिस्कवर जाण्यात काही कमीपणा नाही. माझं मत विचाराल तर गिट्टी-मुरुमाच्या कामाला अॅल्युमिनियम लावणं हा शौक आहे.

बदल करताना एक पेच असतो. अॅल्युमिनियमची डिस्क बरीच जाड असते, तिला लांब स्टड लागतात. लोखंडी उतरवून अॅल्युमिनियम चढवताना स्टड तेच ठेवले तर नट जेमतेम दोन-तीन आट्यांवर अडकतो. जोडीत एक लोखंडी, एक अॅल्युमिनियम लावत असाल तर नट पूर्ण बसून स्टडचे आटे बाहेर दिसतात का, ते पाहा. शंकूच्या आकाराचे जुने नट हबवर बसणाऱ्या डिस्कला चालत नाहीत. वॉशरसह फिरणारा दोन भागांचा चपटा नट हवा. खरेदीला जाताना स्टड किती, पीसीडी (स्टड ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) किती आणि मधलं भोक किती ते मोजून न्या. १० स्टड, ३३५ मिलिमीटर पीसीडी, २८१ चं भोक हे एक प्रचलित माप. अमेरिकन मापाचं भोक मात्र २२० चं असतं, आणि पीसीडी २८५.७५. ऑफसेटही (हबवर टेकणारी बाजू डिस्कच्या मध्यापासून किती दूर, ते अंतर) जुळला पाहिजे, नाहीतर जोडीच्या दोन टायरांमधलं अंतर बिघडून ते एकमेकांना घासतील.

सेकंडहँड घ्यायची असेल तर टायरशिवाय घ्या. डिस्कवर माप, कमाल वजन, कमाल हवेचा दाब आणि बनवल्याची तारीख कोरलेली असते. ती वाचता आली पाहिजे. कोरलेली जागा घासलेली असेल किंवा अॅल्युमिनियमवर जाड रंग मारलेला असेल तर पैसे खिशात ठेवा. आतल्या बाजूला वेल्डिंगची बारीक उंचवट्याची रेघ बोटांना लागते, डोळ्यांना दिसली नाही तरी.

बाद डिस्क भंगारात घालताना आधी तिला करवतीने दोन ठिकाणी कापा. नाहीतर लोहामंडीतून फिरून ती दुसऱ्या एखाद्या नव्या मालकाच्या गाडीवर चढेल. कापली तरी भावात फरक पडत नाही, आणि अॅल्युमिनियमचा किलोचा भाव लोखंडाच्या कितीतरी पट असतो. तेवढा पैसा नव्या डिस्कच्या हिशेबात वळता धरा.

बसवताना

ड्रम, हब आणि डिस्कच्या टेकणाऱ्या बाजू तारेच्या ब्रशने साफ करा. रंग, ग्रीस, माती काही नको. लोखंड आणि अॅल्युमिनियम पाण्यात एकत्र राहिले की गंज धरतात आणि डिस्क हबवर चिकटून बसते, म्हणून हबच्या उंचवट्यांवर गंजरोधक ग्रीसचं बोट फिरवा, तेवढंच. नट आणि त्याच्या वॉशरच्या मध्ये तेलाचे दोन थेंब, स्टडच्या शेवटच्या दोन-तीन आट्यांना एक थेंब. टेकणाऱ्या बाजूला तेल लावायचं नाही.

नट आधी हाताने, मग समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि शेवट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) करा. एम-२२ च्या (२२ मिलिमीटर व्यासाच्या स्टडच्या), ३३ मिलिमीटर पाना लागणाऱ्या नटाला साधारण ६१० ते ६८० न्यूटन-मीटर लागतात. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो खरा. पान्याला लांब पाइप लावून वर उभा राहणारा क्लीनर किती टॉर्क देतो, ते त्यालाही ठाऊक नसतं. टायरमध्ये हवा भरताना तो लोखंडी सुरक्षा पिंजऱ्यात ठेवा, आणि बीड बसवायला पेट्रोलचा भडका करणाऱ्या उस्तादाला तिथेच थांबवा.

पहिल्या ८० ते १६० किलोमीटरांत नट पुन्हा टॉर्कला तपासायचे. नवा सांधा बसताना थोडा सैलावतो. आग्रा-मुंबई रस्त्याने निघालात तर खलघाटला थांबा, आणि घाट उतरून आल्यामुळे चाकं आधी पूर्ण निवू द्या, गरम असताना घेतलेलं माप खोटं येतं. भोपाळकडे गेलात तर आष्टा सोयीचं. तपासलं की तारीख, किलोमीटर आणि डिस्कवरचा नंबर गाडीच्या वहीत लिहून ठेवा, म्हणजे तीच जागा पुन्हा त्रास देऊ लागली तर दोष डिस्कचा की हबचा, हे वहीच सांगेल.